प्रॉम्प्टवरून एडिटरात आणि परत

पायथनच्या संवादी शेलमध्ये एक ओळ टंकून एन्टर दाबले की उत्तर लगेच समोर येते. किलोचे क्विंटल करणे, यादीत किती नावे आहेत ते मोजणे, एखादे फंक्शन नेमके काय परत देते ते पाहणे, असल्या कामांना याहून सोयीचे साधन नाही. अडचण सुरू होते ती पाचव्या-सहाव्या ओळीपासून. तिसऱ्या ओळीतली चूक सातव्या ओळीवर लक्षात येते, ती सुधारायला वर जावे तर डावीकडचे इंडेंटेशन बिघडते, आणि एन्टर चुकून दोनदा दाबले गेले तर अर्धवट फंक्शनच शेल स्वीकारून मोकळा होतो. अशा वेळी शेल बंद करायची गरज नसते. मजकूर तेवढा बाहेरच्या एडिटरमध्ये उघडावा, तिथे निवांत दुरुस्त करावा, एडिटर बंद करावा आणि पुन्हा प्रॉम्प्टवर यावे. तोवर शेलमधली सगळी मूल्ये जागच्या जागी असतात. ही सोय अनेक शेलमध्ये आहे, फक्त ती कुणी मुद्दाम दाखवत नाही.

वर्धा जिल्ह्यात ही गरज दोन बाजूंनी येते. वर्ध्याचे बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी किंवा सेवाग्रामचे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय इथे संगणक शिकणाऱ्यांचा एक वर्ग आहे. त्यांना प्रॉम्प्ट ही रोजची वस्तू. दुसरी बाजू भाषेची. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात भाषा-अभियांत्रिकी हा स्वतंत्र विषय आहे, आणि विद्यापीठाबाहेरही गावांची यादी, सोसायटीच्या सभासदांची नावे किंवा कापसाच्या हिशेबपट्ट्या संगणकावर चढवणाऱ्या माणसाला प्रोग्रॅममध्ये देवनागरी मजकूर घ्यावाच लागतो. देवनागरी आली की बाहेरच्या एडिटरची गरज पाचव्या ओळीपर्यंत थांबत नाही, पहिल्याच ओळीला भासते.

पुढे आज्ञांची आणि कळींची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या आज्ञा, तसेच डेफ आणि रिटर्न यांसारखे पायथनचे राखीव शब्द, रोमन लिपीत लहान अक्षरांत लिहावेत.

टर्मिनल आणि देवनागरी

टर्मिनलची रचना चौकटींची आहे: एका चौकटीत एक अक्षर. रोमन अक्षरांना हे छान जमते. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे मूळ अक्षराला चिकटतात, त्यामुळे चौकटींचा हिशेब फसतो. कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर भलत्याच जागी उमटते; जोडाक्षर सुटे होऊन हलन्तासह दिसते; बॅकस्पेस दाबल्यावर अख्खे अक्षर जावे की नुसती मात्रा, याबाबत प्रत्येक टर्मिनलची आपापली रीत असते.

संगणकाच्या लेखी अक्षरे किती, हे पाहायला जिल्ह्याचे आठ तालुके पुरेसे आहेत. ‘लेन’ या फंक्शनला ‘वर्धा’ दिले तर उत्तर ५ येते: व, र, हलन्त, ध आणि काना. ‘सेलू’चे ४, ‘हिंगणघाट’चे ८ आणि ‘समुद्रपूर’चे ९. कागदावर दोन अक्षरांचे असलेले वर्धा आणि आर्वी दोन्ही इथे पाच-पाचचे आहेत. म्हणजे तालुक्यांची नावे एकाखाली एक, समान रुंदीच्या रकान्यात छापायची म्हटली आणि लांबी ‘लेन’ने मोजली, तर रकाने वाकडेतिकडेच येणार. टर्मिनलमध्ये ओळ सुधारताना डोळ्याला दिसते ते आणि शेल धरून चालतो ते यांत पडणारे अंतरही याच मुळातून येते.

एडिटरमध्ये हा त्रास बराच कमी होतो, कारण ग्राफिकल एडिटर चौकटींवर न विसंबता फॉन्टप्रमाणे अक्षरे जुळवतो. टर्मिनलच्या आतच उघडणाऱ्या नॅनो किंवा व्हीआयमध्ये मात्र तोच घोळ कायम राहतो. देवनागरी मजकुरासाठी म्हणून जीएडिट, व्हीएस कोड किंवा विंडोजचे नोटपॅड बरे. व्हीआयची आणखी एक गोम आहे. त्याच्या सगळ्या आज्ञा रोमन अक्षरांच्या असतात. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर ठेवून व्हीआय उघडले की आय दाबून लिहायला सुरुवात होत नाही आणि कोलन-क्यू टंकून बाहेरही पडता येत नाही. कीबोर्ड आधी इंग्रजीवर आणणे, मग एस्केप, मग कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह, एवढे पाठ असल्याशिवाय व्हीआयच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

पायथन ३ मध्ये फंक्शनांची आणि चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात, पण त्यात दोन सापळे आहेत. पहिला अंकांचा. कोडमध्ये १०० ही संख्या देवनागरी अंकांत लिहिली तर पायथन चूक दाखवतो. तेच अंक अवतरणात घालून ‘इंट’ला दिले तर मात्र तो ते बिनतक्रार वाचतो. दुसरा सापळा डोळ्यांना दिसतच नाही. ‘वाऱ्याचा’ या शब्दातला अर्धा र काही कीबोर्डांवर वेगळ्या ऱ ने उमटतो, तर काहींवर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. चलाच्या नावात हे अदृश्य चिन्ह आले की पायथन अडतो, आणि दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसत असल्याने चूक कुठे आहे ते कळत नाही. अदृश्य चिन्हे दाखवण्याची सोय असलेल्या एडिटरमध्ये ते पटकन सापडते. टर्मिनलमध्ये शोधत बसावे लागते.

एडिटर कोणता, हे शेलला सांगणे

शेल एडिटर निवडतो तो पर्यावरण-चलावरून. अशी चले दोन आहेत, ‘एडिटर’ आणि ‘व्हिज्युअल’, आणि त्यांची नावे रोमन मोठ्या अक्षरांत लिहितात. हे द्वैत जुन्या काळचे आहे. टेलिटाइपवर कागदाच्या पट्टीवर उमटणाऱ्या ओळी एकेक करून सुधारणारा एडिटर वेगळा आणि पडद्यावर पूर्ण पान दाखवणारा वेगळा, असा तो भेद होता. आज त्याला अर्थ उरलेला नाही, पण प्रोग्रॅम अजून दोन्ही चले तपासतात, आणि तीही आपापल्या क्रमाने. एकच साधन कधी हा तर कधी तो एडिटर उघडू लागले, तर दोन चलांत दोन वेगळी नावे असण्याची शक्यता मोठी. म्हणून दोन्हींत एकच नाव ठेवावे.

लिनक्सवर घरच्या फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’ या फाईलच्या शेवटी ‘एक्स्पोर्ट’च्या दोन ओळी घातल्या की झाले. विंडोजवर ‘सेटएक्स’ या आज्ञेने तेच होते, मात्र बदल आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीत लागू होत नाही. नवी खिडकी उघडावी लागते. काहीच सांगितले नाही तर आयपायथन हे शेल (त्याविषयी पुढे) लिनक्सवर व्हीआय आणि विंडोजवर नोटपॅड उघडते.

सगळ्यात जास्त माणसे अडतात ती पुढच्या पायरीवर. शेल एडिटर उघडतो, तो बंद होण्याची वाट पाहतो आणि मग फाईल वाचतो. नॅनो किंवा व्हीआयमध्ये हे आपोआप जुळते. व्हीएस कोडची आज्ञा मात्र खिडकी उघडून लगेच परतते; काम संपले असे समजून शेल न बदललेली फाईल वाचतो आणि खिडकीत पुढे लिहिलेले काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. यावर उपाय म्हणजे चलात नुसते ‘कोड’ न लिहिता ‘कोड --वेट’ लिहिणे. जीएडिटलाही ‘--वेट’ हाच पर्याय लागतो, सब्लाइम टेक्स्टला ‘-डब्ल्यू’. शिवाय खिडकी उघडी ठेवून नुसती फाईल सेव्ह केल्याने शेल जागा होत नाही. ती फाईल, निदान तिचा टॅब, बंद करावा लागतो.

फाईल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह व्हावी. विंडोज १० च्या २०१९ सालच्या आवृत्तीपासून नोटपॅड नव्या फाईलसाठी आपणहून तेच वापरते. त्याआधीच्या नोटपॅडमध्ये एएनएसआय हा पर्याय आधीच निवडलेला असे, आणि त्यात सेव्ह केलेल्या देवनागरीची प्रश्नचिन्हे होत. जुन्या संगणकावर काम करताना सेव्हच्या खिडकीतला एन्कोडिंगचा रकाना एकदा पाहून घ्यावा.

आयपायथनमधले दोन मार्ग

आयपायथन हे फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली सुरू केलेले पायथनचे सुधारित शेल. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातले पायथनचे धडेही त्याच्याच प्रॉम्प्टवर चालतात. त्यात एडिटरकडे जाण्याचे दोन रस्ते आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा आहे.

समजा, हिंगणघाटच्या बाजारात विकलेल्या कापसाची पट्टी काढायची आहे. वजन किलोत, भाव आणि हमाली क्विंटलमागे.

डेफ पट्टी(किलो, भाव, हमाली):
    एकूण = किलो * भाव
    खर्च = किलो * हमाली
    रिटर्न एकूण - खर्च

वजन १४६०, भाव उदाहरणापुरता ७००० आणि हमाली २० दिली की उत्तर येते १,०१,९०,८००. साडेचौदा क्विंटल कापसाचे एक कोटी कुणी देत नाही. किलोचे क्विंटल करायचे राहून गेले आहे. आता फंक्शनच्या आत एक ओळ वाढवायची आणि दोन ओळी बदलायच्या आहेत.

पहिला रस्ता एफ-२ या कळीचा. वरच्या बाणाने ते फंक्शन प्रॉम्प्टवर परत आणावे आणि एफ-२ दाबावे. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावे लागते. तोच मजकूर एडिटरमध्ये उघडतो. तिथे पहिल्या ओळीखाली ‘क्विंटल = किलो / १००’ ही ओळ घालावी (आकडा रोमन अंकांत), पुढच्या दोन ओळींत किलोच्या जागी क्विंटल करावे, सेव्ह करून एडिटर बंद करावा. सुधारलेला मजकूर प्रॉम्प्टवर येऊन थांबतो, आपोआप चालत नाही. एकदा नजर फिरवून एन्टर दाबले की फंक्शन नव्याने तयार होते आणि त्याच वजनाला उत्तर येते १,०१,९०८.

दुसरा रस्ता ‘%एडिट’ या आज्ञेचा. नुसती आज्ञा दिली तर कोरी फाईल उघडते. पुढे क्रमांक दिला, उदाहरणार्थ ‘%एडिट ५’, तर पाचव्या प्रॉम्प्टवर लिहिलेला मजकूर उघडतो. ‘५-८’ असा पल्लाही देता येतो. ‘-पी’ जोडले तर मागच्या वेळी संपादित केलेला मजकूर पुन्हा उघडतो. एडिटर बंद होताच कोड लगेच चालवला जातो, विचारणा होत नाही. फाईल पुसणारी किंवा डेटाबेसमध्ये लिहिणारी ओळ त्यात असेल तर ही घाई महागात पडते. तेव्हा ‘-एक्स’ जोडावे, म्हणजे मजकूर परत येतो पण चालत नाही. संपादित मजकूर शेल उत्तर म्हणून छापतो, त्यामुळे प्रॉम्प्टवर अवतरणातली एक लांबलचक ओळ दिसते. ती चूक नव्हे.

दोन्हींत एफ-२ चा मार्ग सरस, आणि तो केवळ घाई नसते म्हणून नव्हे. एफ-२ ने आलेला मजकूर प्रॉम्प्टवरून चालतो, म्हणून तो इतिहासात नोंदला जातो आणि दुसऱ्या दिवशीही ‘%हिस्टरी’ने शोधता येतो. ‘%एडिट’च्या बाबतीत इतिहासात उरते ती फक्त ‘%एडिट’ ही ओळ. आत लिहिलेला कोड एका तात्पुरत्या फाईलमध्ये असतो आणि शेल बंद करताना ती फाईल पुसली जाते. मे महिन्यातल्या दुपारी वीज गेली आणि संगणकाला यूपीएस नसला, तर तासाभराचे काम कुठून परत आणावे हा प्रश्नच पडतो. ‘%एडिट’ वापरायचेच तर पुढे फाईलचे नाव द्यावे. मग मजकूर त्या फाईलमध्ये राहतो, एडिटर बंद केल्यावर शेलमध्ये चालतोही, आणि शेल गेला तरी फाईल मागे उरते. फाईलचे नाव मात्र रोमनमध्येच ठेवलेले बरे. देवनागरी नाव चालते, पण झिप करताना किंवा दुसऱ्या संगणकावर नेताना कुठेतरी अडकते.

एडिटर उघडाच ठेवून

दहा-वीस ओळींच्या पुढे एडिटर दरवेळी उघडणे-मिटणे कंटाळवाणे होते. मग रीत उलटी करावी: एका बाजूला एडिटरमध्ये फाईल कायम उघडी, दुसऱ्या बाजूला शेल. फाईल सेव्ह करावी आणि शेलमध्ये ‘%रन’ आणि फाईलचे नाव द्यावे. फाईल कोऱ्या पाटीवर चालते आणि तिच्यातली नावे नंतर शेलमध्ये उपलब्ध होतात. शेलमध्ये आधीच वाचून ठेवलेली यादी त्या फाईलला हवी असेल तर ‘%रन -आय’ द्यावे. मोठी सीएसव्ही फाईल एकदाच वाचून हिशेबाचे फंक्शन पुन:पुन्हा सुधारायचे असेल तेव्हा हा ‘-आय’ वेळ वाचवतो, पण जुन्या प्रयोगातले एखादे चल नकळत वापरले जाण्याचा धोकाही त्यातच आहे. शेवटची खात्री ‘-आय’शिवाय चालवूनच करावी.

फाईल ‘इम्पोर्ट’ने घेतली असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पायथन एकदा आयात केलेले मॉड्यूल पुन्हा वाचत नाही. फाईल कितीही सुधारली आणि ‘इम्पोर्ट’ कितीदाही केले तरी जुनेच फंक्शन चालते. ‘इम्पोर्टलिब’मधले ‘रीलोड’ वापरल्यावर मॉड्यूल नव्याने वाचले जाते, पण ‘फ्रॉम’ वापरून थेट घेतलेले फंक्शन तरीही जुनेच राहते, कारण शेलमधले ते नाव जुन्या वस्तूला बांधलेले असते. आयपायथनमध्ये ‘%लोड_एक्स्ट ऑटोरीलोड’ आणि ‘%ऑटोरीलोड २’ या दोन आज्ञा सुरुवातीला दिल्या की प्रत्येक ओळ चालवण्यापूर्वी बदललेली मॉड्यूले तो स्वतःच वाचून घेतो आणि ही कटकट बरीचशी टळते.

साधा पायथन आणि इतर शेल

साध्या पायथनच्या प्रॉम्प्टवर बाहेरचा एडिटर उघडणारी आज्ञा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत प्रॉम्प्ट मात्र बराच सुधारला: वरच्या बाणाने अख्खे फंक्शन एकत्र परत येते, एफ-२ ने इतिहास पाहता येतो आणि एफ-३ ने एडिटरमधून आणलेला मोठा मजकूर इंडेंटेशन न बिघडवता चिकटवता येतो. एफ-२ चा अर्थ इथे आणि आयपायथनमध्ये निराळा आहे, हे दोन्ही वापरणाऱ्याच्या हाताला बसायला वेळ लागतो. एरवी फाईल एडिटरमध्ये लिहून ‘पायथन -आय’ आणि फाईलचे नाव अशी सुरुवात करणे सोपे. फाईल चालते आणि शेवटी प्रॉम्प्ट हाती येतो.

लिनक्सच्या बॅश शेलमध्ये लांब आज्ञा लिहिताना कंट्रोल-एक्स आणि लगोलग कंट्रोल-ई दाबले की ती ओळ एडिटरमध्ये उघडते. नुकतीच चालवलेली आज्ञा सुधारायची असेल तर ‘एफसी’ ही आज्ञा तिलाच एडिटरमध्ये आणते. दोन्हींत एडिटर बंद होताच आज्ञा चालते. इथे एक फसगत ठरलेली आहे: बेत रद्द करायचा म्हणून व्हीआयमधून न सेव्ह करता बाहेर पडले, तर फाईलमधली मूळ आज्ञा तशीच असते आणि बॅश तीच चालवतो. रद्द करायचे तर सगळा मजकूर पुसून सेव्ह करावे, किंवा व्हीआयमध्ये कोलन-सी-क्यू द्यावे. त्यामुळे एडिटर अपयशाची खूण देऊन बंद होतो आणि बॅश काहीच चालवत नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पीएसक्यूएल शेलमध्ये उलटी तिरकी रेघ आणि ई ही दोन अक्षरे पुरतात. आधीची क्वेरीच एडिटरमध्ये येते, तेव्हा तालुकावार बेरजेची दहा ओळींची क्वेरी पुन्हा टंकावी लागत नाही. एडिटर निवडताना पीएसक्यूएल प्रथम ‘पीएसक्यूएल_एडिटर’ हे स्वतःचे चल पाहते, मग ‘एडिटर’, मग ‘व्हिज्युअल’. परत आल्यावर क्वेरीच्या शेवटी अर्धविराम असेल तर ती तत्काळ चालते, नसेल तर थांबून राहते. माहिती बदलणारी किंवा पुसणारी क्वेरी लिहिताना अर्धविराम एडिटरमध्ये देऊच नये. प्रॉम्प्टवर परतून, क्वेरी वाचून, मग तो टंकावा.